बंब शेजारी मिळतो

स्वतःचं दुकान सोडून बाकी साऱ्या जगाची वाट दाखवणारा माणूस पाहायचा असेल, तर माझे मामेसासरे पाहावेत. नाशकाच्या भांडीबाजारात त्यांचं तांब्यापितळेचं दुकान. गिऱ्हाईक आटलेलं, गुडघे दुखणारे आणि पुण्याच्या मुलीनं बजावलेलं, "बाबा, दिवाळीपर्यंत जम बसला तर ठीक, नाहीतर शटर ओढा." दुकान म्हणजे मामांचा जीव. म्हणून मी वेबसाइट करून दिली आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

रोज पूजा आटोपली की मामा फोनवर स्वतःलाच शोधत आणि मला कळवत, "जावईबापू, आपणच पहिले!" मी सांगे, "मामा, तुम्ही रोज तेच उघडता, म्हणून तुमचा फोन तेच वर दाखवतो. लोकांना आपण पाचव्या पानावर दिसतो." त्यावर म्हणत, "निदान फोन तरी ओळख ठेवतो." लोक जे शोधतात ते शब्द पानावर हवेत, हे सांगून माझा घसा बसला. 'नाशकातल्या सर्वोत्तम घागरी' लिहिलं, तर 'सर्वोत्तम' खोडायला लावलं. "शेजारच्यांना काय वाटेल?" उलट स्वतः मजकूर सांगितला: तांब्याचा बंब आमच्याकडे मिळत नाही, शेजारी मिळतो, तसा बंब नाशकात दुसरा नाही. पुढे बंब कसा पारखावा, कसा घासावा, हेही भरभरून. मी कपाळावर हात मारला आणि वैतागून जसंच्या तसं चढवलं.

झालं! थोड्याच दिवसांत 'तांब्याचा बंब' शोधलं की सगळ्यांत वर मामा. घागरी मात्र पाचव्याच पानावर. फोन खणखणू लागले. दुकानात आलेल्या माणसाला मामा लंगडत लंगडत शेजारी पोचवून येत.

"मामा, ते पान मी काढून टाकतो!"

"राहू द्या हो. आपली पायरी तर चढलं ना गिऱ्हाईक?"

दिवाळीनंतर शटर ओढलं, ते कायमचं. वेबसाइटही बंद करू म्हटलं, तर मामांनी चक्क हात जोडले. परवा त्यांच्या घरी चहा घेत होतो. मालेगावहून फोन आला, बंब हवा होता. मामा सावरून बसले. "रविवार कारंज्यावर उतरा, भांडीबाजार कुणीही सांगेल. उजव्या हाताला एक बंद दुकान दिसेल, ते आमचं. तिथं थांबू नका. त्याच्या पुढचं."

आवाज अगदी गल्ल्यावर बसल्यासारखा होता. फोन ठेवून ते गुडघा चोळत बसले, आणि मला त्यांच्यावर पहिल्यांदाच चिडता आलं नाही.