कोणाला सांगितलंस?

चुरी सर वर्गात आले की हजेरीच्या आधी विचारायचे, "काल कोणाला सांगितलंस?" काय सांगितलं, ते नंतर. आधी नाव.

कुंभवलीच्या आमच्या मराठी शाळेत ते इंग्रजी शिकवायचे. यायचे माकुणसारहून, पिशवीत डबा आणि आमच्या वह्या घेऊन. ‘से’ आणि ‘टेल’ या दोन क्रियापदांनी आपला जन्म खाल्ला, असं ते स्वतःच म्हणत. "दोघांचा अर्थ बोलणंच हाय. पण ‘से’चं एकट्यानं भागतं. भिंतीला बोल, नायतर वाऱ्याला. ‘टेल’च्या पाठोपाठ माणूस लागतो. टोल्ड मदर, टोल्ड हिम. माणूस नाय, तर वाक्य लंगडं."

म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. रोज घरी कोणालातरी एक बातमी सांगायची आणि वहीत इंग्रजी वाक्याखाली ऐकणाऱ्याचं नाव लिहायचं. शाळा सुटल्यावर सर एखाद्याच्या घरी जाऊन पडताळाही घेत. माझ्या बाकावरचा दिलीप एकदा लिहून आला, ‘आय टोल्ड बफेलो.’ आम्ही हसलो. सर शांतपणे म्हणाले, "मग म्हशीनं काय केलं?"

"काय नाय, सर."

"मग तुझं सांगणं वाया गेलं. ऐकून उठेल, कायतरी करील, असा माणूस धर."

पुढे दिलीप आणि मी तारापूरच्या एकाच रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागलो. एका दुपारी पाळी बदलताना त्यानं माझा हात धरला. "तीन नंबरच्या पंपाजवळ वास येतोय. मी रजिस्टरात लिवलंय, पण साहेब जाग्यावर नाय. तू सांग त्याला." मी हो म्हटलं. पंप बंद केला की काम अडणार आणि साहेब माझ्यावरच खेकसणार, हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दिलीप कामावर गेला, आणि त्याच पंपाचा पाइप फुटला. दिलीप वाचला नाही.

दहाव्याला सर आले. रजिस्टरातल्या नोंदीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. मला बाजूला घेऊन म्हणाले, "नुसतं लिवून ठेवलं रे पोरानं. कोणालाच सांगितलं नाय? तुला कायतरी बोलला होता का?"

"नाय सर," मी म्हणालो.

सर चपला घालत म्हणाले, "म्हणजे माझंच शिकवणं कच्चं राह्यलं."

त्यानंतर त्यांनी तो धडा कधी शिकवला नाही. निवृत्तीनंतर घरच्या शिकवण्याही बंद केल्या. खरं सांगायला म्हणून मी दोनदा माकुणसारला गेलो. दोन्ही वेळा ओट्यावर बसलो, चहा प्यालो, नारळाच्या भावावर बोललो आणि तसाच परत आलो. त्या माणसाचं आयुष्यभराचं काम मी एका शब्दानं खोटं पाडलं होतं, आणि तो शब्द मागे घ्यायची माझी छाती झाली नाही.

गेल्या श्रावणात सर गेले. त्यांनी जपून ठेवलेली दिलीपची शाळेतली वही त्यांच्या मुलीनं मला दिली. शेवटच्या पानावर सरांच्या अक्षरात त्या नोंदीचं इंग्रजी वाक्य होतं, तीन नंबरच्या पंपाजवळ वास येतो आहे. खाली ‘ऐकणारा’ असं लिहून रेघ ओढलेली. रेघेवर काहीच नव्हतं.

मी पेन काढलं आणि माझं नाव लिहिलं. पडताळा घ्यायला आता कोणी येणार नव्हतं.