सर, दोर आणि तिसरी आवळणी

आमच्या घरात दोन पिढ्या मिठावर गेल्या. आजोबा मिठागरात, बाबा मिठाच्या ट्रकवर. मी पॅरामेडिकच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "वर्षानं स्टिअरिंगवरच येशील." त्यानंतर आमचं बोलणं 'जेवलास का' एवढ्यावर आलं.

कॉलेजातले सर त्याच मताचे. सैन्याच्या दवाखान्यात उमर घालवलेला माणूस. मला पहिल्या दिवसापासून 'मीठवाला' म्हणायचा. मी बीपीचा पट्टा उलटा गुंडाळला, छाती दाबायचा सराव करताना प्लास्टिकचा पुतळा टेबलावरून खाली पाडला. त्यांच्या मताला मीही हातभार लावत होतो, हे कबूल.

शेवटचं प्रॅक्टिकल रेवसच्या धक्क्यावर होतं. लाँचमधला जखमी माणूस फळीवर बांधायचा आणि मणका न हलवता अॅम्ब्युलन्सपर्यंत आणायचा. बांधणं माझ्याकडे, उचलायला वर्गातले चौघे. वहीत सरांची सही मिळाली तर सर्टिफिकेट, नाहीतर ट्रक.

"जखमी मी होणार," सर म्हणाले. "तुझ्या हातात दुसऱ्याचं पोर देणार नाही. आणि मी बेशुद्ध आहे. मला काही विचारायचं नाही." डोळे मिटून आडवे झाले.

फळीच्या पट्ट्यांचे क्लिप खाऱ्या हवेनं गंजले होते, म्हणून कॉलेजनं दोर दिला. दोर बघून मला भरूनच आलं. वर्षभरात पहिल्यांदा ओळखीची वस्तू हातात आली होती! मी घरची, ट्रकवर मिठाच्या गोणी आवळायची गाठ मारली. आता बाबांचं शास्त्र असं, की मीठ वाटेत खाली बसतं, दोर सैल पडतो. तेव्हा जरा अंतर गेलं की गाडी थांबवून पुन्हा आवळायचं. दहा पावलांवर सरांनी श्वास सोडला. दोर सैल वाटला. "थांबा," म्हटलं आणि आवळला. पुढच्या दहा पावलांवर पुन्हा. तिसऱ्यांदा फळी खाली ठेवायला लावली आणि कडेला पाय रोवून आवळला. सर लालबुंद. मनात म्हटलं, काय अभिनय करतोय म्हातारा!

टोपलीपाशी बसलेली एक कोळीण ताडकन उठली. "अरं मेल्या, मानूस हाय त्यो, मिठाची गोन न्हाय! दम तरी घेऊ दे त्याला!"

सोडायला गेलो तर गाठ सुटेना. शेवटी तिनंच मासळीच्या सुरीनं दोर कापला. सर उठून बसले, खोकले, श्वास जागेवर आला तसे माझ्याकडे वळले. "ट्रकवरच जा तू. तिथे निदान माल मरत नाही." वहीत लिहिलं : 'रुग्ण हलला नाही. श्वासही घेतला नाही. नापास.'

बाबांनी ती ओळ दोनदा वाचली. "गाठ सुटली न्हाय ना?" एवढंच विचारलं. चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो मला जास्त लागला.

पंधरा दिवसांनी फेरपरीक्षा. पुन्हा तोच धक्का, तेच सर. पट्ट्या नव्या. या वेळी सर छाती फुगवूनच आडवे झाले होते. माझ्यावरचा विश्वास म्हणतात तो हा. मी पट्टी हातात धरून उभा राहिलो. किती वेळ फुगून राहतील? शेवटी फुस्स करून श्वास सुटला. दोन बोटं आत ठेवून मी पट्टी लावली आणि विचारलं, "श्वास घेता येतोय ना, सर?"

"बेशुद्ध माणूस उत्तर देत नसतो, गाढवा," डोळे मिटूनच सर म्हणाले.

मग मी त्यांच्या छातीकडे बघत बसलो. वर्षभर त्या माणसाच्या नुसत्या तोंडाकडे बघत आलो होतो. छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. "चला," मी चौघांना म्हटलं. दर दहा पावलांवर थांबलो, पण पट्टी आवळायला नाही, छाती बघायला.

अॅम्ब्युलन्सपाशी सर पट्ट्या सोडून उठले, माझ्याकडे न बघता सही केली आणि वही जवळजवळ फेकलीच.

"ट्रकवर जा म्हणालो होतो," ते म्हणाले. "ते मी मागे घेतलेलं नाही."