हाकेची वाट बघणारा कुकर

सकाळी विरजण मागायला शेजारच्या सुमनताईंकडे गेले, तर त्या कुकरला झाकण लावून, हातात लायटर धरून नुसत्याच उभ्या. कान आतल्या खोलीकडे.

त्यांचं हे असं उभं राहणं माझ्या ओळखीचं आहे. त्यांची रेवा रॅपर. सुरुवातीला स्टुडिओ कुठला असायला! आईच्या कपाटात डोकं खुपसून, साड्यांच्या घड्यांमध्ये माइक ठेवून ती रेकॉर्डिंग करायची. साड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. तिच्या रॅपमध्ये ना शिव्या, ना गाड्या. केसांतला गुंता, बायकांच्या भेगाळलेल्या टाचा, सगळं शेजारणीशी बोलल्यासारखं. "हे कसलं रॅप?" म्हणत कॉलेजात पोरं हसली होती. सुमनताईंनाही त्यातलं फारसं कळत नसे. "पाढे म्हटल्यासारखं भराभर काहीतरी म्हणते बाई," म्हणायच्या. पण आतून "आई, झालं गं!" अशी हाक आल्याशिवाय त्यांनी कधी गॅस पेटवला नाही. जेवणं लांबायची, नवरा कुरकुरायचा, ह्या ढिम्म.

पोरीच्या पाठीशी उभं राहणं म्हणतात ते कुणाकुणाचं असं ओट्यापाशीही असतं. रेवाचं प्रत्येक गाणं ऐकताना मला त्यात न झालेल्या शिट्ट्या ऐकू येतात.

"सुमनताई," मी हळूच म्हटलं, "रेवा तर परदेशात आहे ना, कार्यक्रमांना?"

त्या दचकल्या. "अगं हो की!"

मग स्वतःशीच हसल्या, एकदा कपाटाकडे पाहिलं आणि गॅस पेटवला.