ताईंनी सही केली नाही

सहा आठवडे झाले. मी मेट्रोत होते आणि मंदाताईंचे यजमान, मधुकरकाका, यांचा फोन आला. "मंदा गेली गं... सकाळी, झोपेतच." पुढच्या स्टेशनवर उतरून मी बाकावर बसून राहिले. डोळे भरून आले, पण कानात घुमत होता तो ताईंचा आनंदाने चढलेला आवाज.

यूपीएससीचा नाद सोडून मी नोएडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले, तेव्हा त्या आमच्या टीमच्या प्रमुख होत्या. रुग्णालयातल्या नर्सच्या पाळ्या लावणारा प्रोग्रॅम त्यांनी प्रोलॉग या भाषेत लिहिला होता. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगं, इथे कॉम्प्युटरला काम कसं करायचं ते सांगायचंच नाही. काय चालतं, काय चालत नाही, एवढंच सांगायचं. रात्रपाळी केलेली नर्स सकाळी पुन्हा येणार नाही. बस! आता त्यालाच विचार, उद्या कोण येईल?" मी विचारलं. स्क्रीनवर नावं उमटली आणि ताईंनी टाळीच वाजवली, जणू त्याही ते पहिल्यांदाच बघत होत्या.

मग ती नोटीस आली. आमचा प्रोग्रॅम वापरणाऱ्या अमेरिकेतल्या एका रुग्णालयावर कुठल्याशा कंपनीने दावा ठोकला होता... अशा नियमांनी पाळ्या लावण्याचं पेटंट म्हणे त्यांचं! रुग्णालय दावा हरलं असतं तर आमची टीमच बंद झाली असती. आम्ही सगळे हबकलो. ताई मात्र पेन्सिल घेऊन पेटंटचे कागद वाचत बसल्या आणि एकदम उठल्या. "अगं, हे तर मी यांच्या कितीतरी आधी छापलंय!" त्याच संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्या करोल बागेतल्या घरी माळ्यावरचे खोके उपसत होतो. शिंका देत, हसत. कधीकाळी एका परिषदेत वाचलेल्या त्यांच्या निबंधाची छापील पुस्तिका हाती लागली, तेव्हा त्या शिडीवरूनच ओरडल्या, "मिल गया!" आधीच छापून सगळ्यांसमोर आलेल्या गोष्टीचं पेटंट टिकत नाही; वकिलांनी ती पुस्तिका पुढे केली आणि काही महिन्यांत दावा मागे घेतला गेला. ऑफिसात जिलेबी वाटली.

पण त्यानंतर आमचे साहेबच एक अर्ज घेऊन आले. प्रोग्रॅममधल्या नव्या सुधारणेचं पेटंट आता आपण घेऊ, तुम्ही फक्त सही करा. ताईंनी कागद परत सरकवला. "सर, थकलेल्या माणसाला झोपू द्या, हा नियम माझ्या मालकीचा कसा? उद्या एखाद्या मुलीला हेच सुचलं, तर आपण तिला नोटीस पाठवणार?"

"आपण नाही घेतलं तर दुसरा कुणीतरी घेईल, मॅडम."

"बिल्कुल घेईल. म्हणून सगळं छापून टाकू या. मग कुणालाच घेता येणार नाही."

बऱ्याच वादानंतर ते छापलं गेलं. ताईंची बढती मात्र तिथेच अडली. त्याच पदावरून त्या निवृत्त झाल्या. वाईट वाटलं का, असं मी एकदा विचारलं होतं. "वाटलं ना! दोन दिवस. तिसऱ्या दिवशी एका अनोळखी विद्यार्थिनीचं पत्र आलं. तिने माझ्या नियमात चूक काढली होती, आणि बरोबर काढली होती यार!"

परवा काकांकडे गेले होते. स्वयंपाकघरात पाण्याच्या मोटरच्या बटणाशेजारी ताईंच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: 'मोटर लावता येते, जर टाकी रिकामी असेल आणि वरच्या वहिनींचं धुणं चालू नसेल.' काकांनी मोरीतल्या टाकीचं झाकण उघडून पाहिलं. मग बटणावर बोट ठेवून, मान वर करून, ते बराच वेळ वरची चाहूल घेत उभे राहिले.