नाडीचे ग्लोव्हज

हातात ग्लोव्हज चढले, नाड्या आवळल्या, की माणसाला स्वतःचं नाकही पुसता येत नाही. पत्र्याच्या शेडमधल्या माझ्या बॉक्सिंगच्या तालमीत मी हे रोज बघतो. दोरीवरच्या उड्या, बैठका आणि पोटावर जड चेंडू झेलणं झालं, की मी लढतीच्या जोड्या लावतो. आज शबाना आणि वैशाली होत्या. दोघी जिवलग मैत्रिणी, वजन एकच, आणि स्पर्धेला जागाही एकच.

वैशालीच्या नाकातून रक्त आलं, तसा शबानाचा ठोसा मऊ पडला.

"काय गं, पाहुणी आलीय का ती तुझ्याकडं?" मी ओरडलो.

"वस्ताद, रक्त येतंय तिला."

"आंधळा नाही मी. मार तिथंच."

शबानानं ऐकलं नाही. मैत्रिणीचं नाक आपल्या दंडानं पुसायला ती पुढं झाली, आणि वैशालीनं तेवढ्यात उजवा हात घातला. शबाना खालीच बसली.

माझी शाळा दुसरीत सुटली, पण एवढं मला कळतं. बोटं मोकळी असली की ती पुसायला, कुरवाळायला जातात. म्हणून तर आम्ही ती बांधतो. ज्याला हे बघवत नाही, त्यानं घरी बसावं.

"स्पर्धेला वैशाली जाईल," मी सांगितलं.

शबाना रडायला लागली. तिच्या नाड्या सोडायला वैशाली वाकली, पण तिचेही हात बांधलेलेच. दोघी माझ्याकडं बघत राहिल्या.

मी पुढची जोडी बोलावली.