दशरथ सरांचा स्पीकिंगचा तास

आमच्या तलासरीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे दशरथ सर म्हणजे नाकाने कांदे सोलणारा माणूस. रोज डहाणूहून गाडी काढून येतात ते जणू आमच्यावर उपकार करायला. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवते. मधे नुसता प्लायवूड, त्यामुळे त्यांचा ‘स्पीकिंग अ‍ॅक्टिव्हिटी’चा तास मला फुकटात ऐकावा लागतो. कच्च्या मुलांना बोलतं करायचा तास हा! बोलतं कोण? सर.

विमानतळावरचा एक संवाद त्यांनी पाठ करायला दिलेला. तो म्हणायला उधवा गावच्या जिजाला उभं करायचे. ही पोर घरी आपली बोली, बाजारात गुजराती, माझ्याशी मराठी, सगळं फाडफाड बोलते. पण इंग्रजी वाक्य जुळवायला जरा थांबली, की सर घड्याळावर बोट आपटत ओरडायचे, “यू पीपल विल नेव्हर लर्न! सीट डाऊन!” वर स्टाफरूममध्ये मला ऐकवायचे, “मॅडम, या पोरांच्या तोंडात जीभच नाही.” अहो, तुम्ही ती हलू द्याल तर ना!

जिजा इंग्रजीत आधीच नापास. यंदा तोंडी परीक्षा गेली असती, तर पदवीच अडकली असती. रडत मला म्हणाली, “मॅडम, मी उभी राहिले की मला फक्त सरच ऐकू येतात.”

परीक्षेला बाहेरच्या परीक्षक बाई आल्या. हजेरी घ्यायला मी होते. सर हाताची घडी घालून बाजूला बसलेले, पोरीची फजिती बघायला. बाईंनी विमानतळ बाजूला ठेवला. “तू टीचर हो,” त्या जिजाला म्हणाल्या, “मी उशिरा आलेली स्टुडंट.” आणि चक्क दाराबाहेर जाऊन आत आल्या.

  जिजाने मनगटावर बोट आपटलं. “व्हाय यू आर लेट? युवर फादर इज कलेक्टर? यू पीपल विल नेव्हर लर्न!” कुठे अडखळली नाही, सरांचं खाकरणंसुद्धा सोडलं नाही. माझं इंग्रजी बेताचंच, पण पहिल्या वाक्यातली चूकही सरांचीच होती, एवढं मलाही कळलं. बाईंनी हसू दाबत भरभरून मार्क टाकले.

सर लालबुंद होऊन उठले. “मॅडम, धिस इज नॉट इन सिलॅबस!”

जिजा अजून टीचरच होती. तिने वळून त्यांच्याकडे बघितलं.

“सीट डाऊन,” ती म्हणाली.

आणि सर बसले.