वाचनालयातला मराठीचा तास

झाशीत आपण मराठीत बोललेलं कुणालाही कळत नाही, असा आमच्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ठाम समज आहे. पूर्वज कधीतरी कारभार बघायला इकडे आले आणि इथलेच झाले. कारभार गेला, हा समज तेवढा राहिला. त्याच्या जोरावर आम्ही सीपरी बाजारात दुकानदाराच्या तोंडावर "लुटतोय मेला, चल पुढे" असं गोड हसून म्हणतो, लग्नाच्या पंगतीत यजमानांच्या खिरीला नावं ठेवतो (हात जोडून!) आणि ऑटोत बसून ऑटोवाल्याच्याच डोळ्यांच्या नंबराची चर्चा करतो. आजवर कुणी मागे वळून पाहिलं नव्हतं. त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझ्या एकटीचा दोष नाही, सगळ्या घराण्याचा आहे.

माझी मुलगी रेवा नववीत असताना आम्ही तिला शाळेतून काढलं. तिच्या पोटात रोज सकाळी दुखायचं, रविवारी कधीच नाही. डॉक्टर झाले, वैद्य झाले, मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. शेवटी शाळा बंद केली आणि पोट दुखायचं आपोआप थांबलं. दहावीची परीक्षा बाहेरून द्यायची आणि शिकवायचं मी, असं ठरलं. तेव्हापासून पोटात गोळा येण्याची पाळी माझ्यावर आली. गणित, विज्ञान ती आपलं आपणच करायची. मी शेजारी बसून सगळं समजल्यासारखी मान हलवायचे. माझ्या हुकमतीत उरला एकच विषय, मराठी. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं, कारण मराठी तिला सगळी कळायची पण तोंडातून निघायची हिंदी. "आई, समझ तो रही हूँ न, बोलना ज़रूरी है क्या?" असं तिने विचारलं की माझे सगळे पूर्वज माझ्याकडे बघताहेत असं वाटायचं.

अशात मला सिविल लाइंसमधल्या एका छोट्या वाचनालयात अर्ध्या दिवसाची नोकरी लागली. लग्नानंतरची पहिली नोकरी! वाचनालयाचे सचिव सक्सेनाजी यांनी कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला तेव्हा मी तो आधी वाजवून बघितला. छतापर्यंत पुस्तकं, जिकडे बघावं तिकडे पुस्तकं, आणि ती सगळी माझ्या ताब्यात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली सकाळपासून मान खाली घालून बसलेली. एवढा अभ्यास माणसाला झेपतो तरी कसा, असं वाटून मी त्यांच्या बाजूने चालतानासुद्धा चपला हातात घ्यायचे.

आमचे हे रेल्वेत, त्यांची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. त्यांनी स्पष्ट सांगितलं की नोकरी खुशाल कर, पण रेवाची पढ़ाई बुडाली तर तिला पुन्हा शाळेत घालू. म्हणून मी रेवाला बरोबरच न्यायला लागले. माझ्या टेबलाशेजारी तिच्यासाठी एक स्टूल टाकलं. सक्सेनाजींनी परवानगी दिली, पण अटीवर. "बिटिया बैठ जाए, बहनजी, पर एक भी शिकायत आई तो घर।" रेवा घरी म्हणजे मीही घरी, आणि रेवा पुन्हा शाळेत. एवढा सरळ हिशेब होता.

आता वाचनालयात मराठीचा धडा मोठ्याने वाचून घेणं शक्य नव्हतं. मग मला ती युक्ती सुचली. समोर बसलेल्या माणसाचं हळू आवाजात मराठीतून वर्णन करायचं, रोज एक माणूस. कुणाला कळणार होतं?

पहिला मान दद्दांचा. दद्दा म्हणजे गरौठ्याकडचे एक वयस्क गृहस्थ. रोज यायचे, माझ्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. कुणाशी एक अक्षर बोलायचे नाहीत. रेवा म्हणाली, आजोबा पेपर वाचतात. मी म्हटलं, हे तर आंधळासुद्धा सांगेल, नीट बघ. तिने नीट बघितलं आणि म्हणाली, आजोबा पेपरच्या मागे झोपतात. मी तिला शाबासकी दिली आणि वर 'ब्रह्मानंदी टाळी लागणे' हा वाक्प्रचार शिकवला. पेपर जरासा हलला. मला वाटलं, पंख्याचा वारा.

दुसऱ्या दिवशी सक्सेनाजी. त्यांनी भिंतीवर 'खाना-पीना सख़्त मना है' अशी पाटी लावली होती आणि स्वतः शब्दकोशांच्या कपाटामागे उभं राहून समोसा खायचे. रेवाला मी 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' शिकवलं. तिला ते इतकं आवडलं की दिवसभर पुटपुटत होती. मग एक चष्मेवाला मुलगा. रेवा म्हणाली, हा दादा पुस्तक बघत नाही, समोरच्या दीदीला बघतो, त्याचं पान दुपारपासून तेच आहे. मी कडक शब्दांत तिची चूक सुधारली. 'दीदी' नाही, 'ताई' म्हणायचं.

पोरीची जीभ सुटली ती सुटलीच. पाटाला सोडलेल्या पाण्यासारखी मराठी वाहायला लागली. मी थक्क होऊन ऐकत राहायचे आणि त्या भरात आपण कुजबुजतोय हे दोघीही विसरायचो. त्याच सुमारास वाचनालयातही चमत्कार व्हायला लागले. सक्सेनाजी समोसा घेऊन बाहेर व्हरांड्यात जायला लागले. चष्मेवाला मुलगा आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला आणि त्या मुलीनेच एक दिवस त्याच्यासमोर चहा नेऊन ठेवला. इतकंच नाही, मागच्या टेबलांवरची मुलं हळूहळू पुढे सरकून माझ्या टेबलाभोवती बसायला लागली. आमच्या ह्यांना मी जेवताना अभिमानाने सांगितलं की शिस्त म्हणजे काय ते त्या वाचनालयाला माझ्यामुळे कळलं. ते म्हणाले, अजून थोडी भाजी वाढ.

आणि मग सक्सेनाजींचा निरोप आला. समितीची बैठक आहे, एक शिकायत आली आहे, बिटियालाही घेऊन या. आम्ही दोघी ऑटोत बसलो. सिविल लाइंसचं वळण आलं तेव्हा तिचा हात पोटावर गेलेला मला दिसला. नोकरी गेली चुलीत, पण ही पोर पुन्हा त्या शाळेच्या फाटकात उभी राहणार, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

आत गेलो तर मधल्या टेबलाभोवती समितीची मंडळी, भिंतीला टेकून ती परीक्षेवाली मुलंमुली, आणि अध्यक्षांच्या खुर्चीत दद्दा! मी आधी सक्सेनाजींकडे बघितलं, मग दद्दांकडे, मग दाराकडे. दद्दांनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले,

"बाई, म्या झोपत न्हाई. डोळं मिटून तुमचा तास ऐकतुया."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तशी माझी फरशी सरकली. दद्दांची उभी हयात फौजेत गेली होती, आणि त्यातली बरीचशी मराठा पलटणीबरोबर. साताऱ्या-कोल्हापूरच्या जवानांच्या पंगतीला बसून ते जी मराठी शिकले ती माझ्या मराठीपेक्षा चांगली दणकट होती. घरी परतल्यापासून ही भाषा त्यांच्या कानावर पडली नव्हती. आपल्याला कळतं हे सांगितलं तर तास बंद होईल, म्हणून ते गप्प राहिले. मात्र रोज वाचनालय सुटलं की बाहेर चहाच्या टपरीवर ते त्या दिवशीच्या धड्याचं हिंदी करून मुलांना सांगत. सक्सेनाजीही तिथेच चहा पीत. आता मला समोसा कळला, खुर्ची कळली, चहा कळला आणि माझी शिस्तही कळली.

सक्सेनाजी उठले. शिकायत त्यांचीच होती आणि प्रश्न साधा होता. "दद्दा, आप ही बताइए, यह पढ़ाई है या चुगली?"

दद्दांनी थोडा विचार केला. म्हणाले, परीक्षा घेऊन बघू. मग रेवाकडे वळले. "पोरी, आज तुझ्या आईचं वर्णन कर. मराठीत."

सगळी खोली रेवाकडे बघायला लागली. शाळेत असं कुणी उभं केलं की ही पांढरी पडायची. मी मनात देवाला हाक मारली. रेवाने एकदा माझ्याकडे बघितलं, नीट, मी शिकवलं होतं तसं, आणि बोलायला लागली.

"ही माझी आई. आई किल्ल्या वाजवत चालते, म्हणजे सगळ्यांना कळावं की ती आली. ती मला रोज नवीन म्हण शिकवते. ती म्हण ती त्याच दिवशी सकाळी कणीक मळताना पाठ करते. तिला वाटतं मला माहीत नाही. आईला माझ्यापेक्षा जास्त भीती वाटते, तरी ती रोज येते. आई सगळ्यांना नीट बघते. सगळे तिला बघतात, ते मात्र तिला दिसत नाही."

मी तर तोंड उघडं टाकून उभी होते. हे एवढं सगळं ही पोर कधी बघत होती? लाज वाटायला हवी होती, ती आलीच नाही. डोळे भरून आले आणि वाटलं, ही माझीच का? दद्दांनी मान हलवली, पुढचं हिंदीत सांगायला तोंड उघडलं, तर चष्मेवाला मुलगा म्हणाला की नको दद्दा, आम्हाला कळलं.

समितीने निकाल दिला. ही पढ़ाईच आहे. माझी नोकरी कायम, रेवाचं स्टूल कायम, तास आता मधल्या टेबलावर आणि मोठ्या आवाजात घ्यायचा, ज्याला यायचं त्याने यावं. सक्सेनाजींच्या समाधानासाठी एकच अट घातली गेली. यापुढे वाचकांचं आणि समितीच्या सदस्यांचं वर्णन करायचं नाही, फक्त वाचनालयाच्या नोकरवर्गाचं करायचं.

नोकरवर्गात मी एकटीच आहे, आणि मुलांची मराठी झपाट्याने सुधारतेय.